चेहऱ्याचा करडा : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

आज नियम ठरवले. तीस चेहरे, सगळे रस्त्यावरचे, सगळे अनोळखी. विचारल्याशिवाय फोटो नाही. लेन्स एकच, ५० मिमी. ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रिंट, आणि ती फोनवर न पाठवता जिथे फोटो काढला तिथे जाऊन हातात द्यायची. हा शेवटचा नियम लिहिताना फार उदार वाटत होतं. पायांना काय वाटतं ते पुढे कळेल.

काळं-पांढरं का? खरं सांगायचं तर रस्त्यावर माणसापेक्षा त्याच्या मागचं सामान जास्त आरडाओरडा करतं. लाल डबा, पिवळी पाटी, निळं प्लास्टिक. रंग काढून टाकला की हा गोंगाट बंद होतो आणि नजर चेहऱ्यावर येऊन बसते. आणखी एक कारण आहे, ते जरा लाजत लिहिते: काळा-पांढरा केला की साधा फोटोसुद्धा उगाच विचारी दिसायला लागतो. हे स्वतःला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

९ जानेवारी

दोन तास चालले. फोटो शून्य. तिघांना विचारलं. पहिल्याने मान हलवून नाही म्हटलं. दुसरीने विचारलं, "कशासाठी?" आणि मी जे बोलायला लागले ते माझं मलाच कळेना. प्रकल्प, प्रकाश, चेहऱ्यातलं काहीतरी वगैरे. तिसऱ्याला विचारेपर्यंत माझा आवाजच इतका बारीक झाला होता की त्याला वाटलं मी पत्ता विचारतेय. त्याने पत्ता सांगितला.

घरी येऊन एक वाक्य घोकलं: "मी रस्त्यावरच्या माणसांचे काळे-पांढरे फोटो काढते, तुमचा काढू का? प्रिंट आणून देईन." एवढंच. कलेबद्दल चकार शब्द नाही.

१४ जानेवारी

वाक्य चाललं. पाच जणांना विचारलं, तीन हो.

पहिले एक काका, काचा पुसणारे, शिडी खांद्यावर. "इथे उन्हात नको, त्या दाराच्या कमानीखाली येता का?" म्हटल्यावर शिडीसकट आले. भर दुपारच्या उन्हात चेहऱ्याचं काही खरं नसतं: डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ जळालेलं. कमानीखाली डोक्यावरचं ऊन अडतं आणि समोरून मोकळं आभाळ आत येतं. बुबुळात त्या आभाळाचा एक पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका नसला की डोळे मेलेले दिसतात, रंग नसताना तर जास्तच, कारण मग डोळ्यात वेगळं काही उरतच नाही.

फोटो मात्र गेला. चूक माझी. लेन्सचं छिद्र मोठं, एफ २ ठेवलं होतं, काका सव्वा मीटरवर. त्या अंतरावर ५० मिमीची नेमकी दिसणारी पट्टी जेमतेम सात सेंटीमीटरची असते, आणि नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतच माणूस त्याहून जास्त खोल असतो. मी फोकस केला, काका बोलता बोलता तळहाताएवढे मागे सरकले, आणि मला मिळालं एक अत्यंत रेखीव नाक. पुढच्या दोघांना लहान छिद्र, एफ ५.६. पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळवण्याचा मोह आता आवरायचा. मागे शिडी असली तर ती शिडी आहे हे कळलं पाहिजे.

काका पुन्हा भेटले तर पुन्हा काढायचा.

१५ जानेवारी

पाऊस. काही नाही.

२३ जानेवारी

आठ चेहरे झाले. एक मित्र म्हणाला, "विचारलंस की माणूस पोझ देतो, खरा चेहरा न विचारताच मिळतो." हे पहिल्यांदा ऐकत नव्हते, तरी दिवसभर डोक्यात राहिलं.

या वादाचं वय शंभरच्या वर आहे. पॉल स्ट्रँड या अमेरिकन फोटोग्राफरने १९१६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती, म्हणजे लोकांना वाटावं हा भलतीकडेच बघतोय. गळ्यात 'अंध' अशी पाटी अडकवलेल्या बाईचा त्याचा प्रसिद्ध फोटो त्याच काळातला. फोटो जबरदस्त आहे यात वादच नाही. पण ज्या बाईला दिसत नाही तिच्यासमोरही खोटी लेन्स, हे आठवलं की माझा हात आखडतो. वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवला, बटणांच्या फटीतून लेन्स बाहेर, शटरची केबल बाहीतून हातात. ते चेहरे मात्र त्याने लगेच बाहेर काढले नाहीत. पुस्तक आलं १९६६ साली. म्हणजे त्यालाही काहीतरी टोचत असावं, असं मला वाटतं.

उलट बाजूला ऑगस्ट झांडर. जर्मनीतला, भलामोठा प्लेट कॅमेरा घेऊन फिरणारा, लपण्याचा प्रश्नच नाही. आचारी, शेतकरी, वकील, बेकार, सगळे समोर उभे राहून सरळ बघतात. १९२९ साली त्यातले साठ फोटो पुस्तकात आले आणि १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. पोझ घेतलेल्या माणसांचे फोटो इतके खोटे असते तर कोणी त्यांना घाबरलं असतं का?

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आणि तुझे दाखले." बरं.

१ फेब्रुवारी

आजवरचा सर्वांत चांगला फोटो. किल्ल्या बनवणाऱ्या एक मावशी, पन्नाशीच्या, टपरीच्या तोंडाशी बसलेल्या. डाव्या बाजूने उजेड, उजवा गाल सावलीत, हातात अर्धवट घासलेली किल्ली. रात्री संगणकावर बसून प्रक्रिया केली: कॉन्ट्रास्ट ताणला, बारकावे उठवणारी पट्टी निम्म्याच्या वर नेली, कडा काळ्या केल्या. सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी उठली. छप्पन्न वेळा बघितला. मित्राला पाठवला, त्याने फक्त "बाप रे" लिहिलं.

८ फेब्रुवारी

मावशींना प्रिंट दिली.

त्यांनी आधी हात पुसले, मग कडांना धरून घेतली. बघितली. काही बोलल्या नाहीत. किल्ली घासायच्या यंत्राजवळ उजेड होता, तिथे नेऊन परत बघितली. मग म्हणाल्या, "अगं, मी इतकी दमलेली दिसते?"

मी म्हटलं, नाही मावशी, फोटोची तशी पद्धत आहे, काळ्या-पांढऱ्यात असं येतं.

"आणि इतकी काळी?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी प्रिंट किल्ल्यांच्या पेटीवर ठेवली. पालथी. मुद्दाम नसेल. "छान आहे हो," म्हणाल्या, ज्या सुरात आपण दुसऱ्याच्या बाळाला छान म्हणतो.

९ फेब्रुवारी

रात्री फाईल उघडली आणि मुळापासून बघितली. रंगीत मूळ चित्रात मावशी दमलेल्या नाहीत. किंचित हसतायत. मी जे काळं-पांढरं म्हणून दिलं ती माझी करणी.

काय काय झालं ते लिहून ठेवते. रंगीत फाईलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. काळं-पांढरं करताना कुठल्या थराचं किती घ्यायचं हे आपण ठरवतो, किंवा तयार सेटिंग ठरवतं. माणसाची कातडी, कुठल्याही रंगाची असो, लाल उजेड जास्त परतवते आणि निळा कमी. म्हणून लाल थरात चेहरा उजळ, गुळगुळीत, डाग गायब, ओठ फिके. निळ्या थरात त्याच चेहऱ्यावरचा प्रत्येक वांग, प्रत्येक चट्टा काळा होऊन वर येतो, ओठ गडद होतात, कातडी चामड्यासारखी दिसते. मी वापरलेलं 'जुन्या फिल्मसारखं' सेटिंग निळ्या-हिरव्यावर भर देणारं निघालं.

आणि त्यात तथ्य आहे, जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तशीच होती. तिला लाल दिसतच नसे, म्हणून ती लाल दिव्यात धुता यायची. तिच्यावरचे चेहरे असे रापलेले, तांबूस डागांसकट दिसायचे. शंभर वर्षांपूर्वी सिनेमातल्या नटांना त्यासाठी वेगळा रंग फासावा लागे. म्हणजे 'खडतर आयुष्य जगलेला चेहरा' म्हणून आपण ज्याच्यावर भाळतो त्यातला काही भाग आयुष्याचा नसून रसायनाचा होता.

त्यावर बारकाव्यांची पट्टी. ती पट्टी जवळजवळच्या उजळ-गडद छटांमधला फरक वाढवते, म्हणजे सुरकुती दिसते त्यापेक्षा खोल करते. मी एका बाईच्या चेहऱ्यात दहा वर्षं घातली आणि वर त्याला खरेपणा म्हटलं.

१२ फेब्रुवारी

अजून एक गुन्हेगार सापडला: स्क्रीन. उजेड पूर्ण वाढवलेला. छपाईसाठी स्क्रीन साधारण ८० ते १२० कॅन्डेला (उजेडाचं माप) प्रति चौरस मीटर असावा म्हणतात, माझा डोळे दिपतील इतका. प्रखर स्क्रीनवर बरोबर दिसणारा चेहरा कागदावर काळवंडतो, कारण कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यात मी मॅट कागद घेतलेला, ज्यावर गडद करडे आधीच एकमेकांत मिसळतात. आतापर्यंत दिलेल्या सहाच्या सहा प्रिंट काळ्या असणार. मावशी सोडून एकानेही तक्रार केली नाही. सगळे "छान आहे" म्हणाले. आता त्या 'छान'चा अर्थ नव्याने लावावा लागतोय.

स्क्रीन उतरवला. एकाच फाईलच्या पाच चिंधी प्रिंट काढल्या, प्रत्येकीत गाल थोडा उजळ. रात्री दिव्याखाली क्रम लावला, सकाळी खिडकीशी लावला तर निवड बदलली. दिव्याखालची नको, खिडकीची धरायची. मावशींनीही ती उजेडात नेऊनच पाहिली होती.

२० फेब्रुवारी

मावशींकडे दोन नव्या प्रिंट घेऊन गेले. एकीत लाल थराचा भर: चेहरा नितळ, पण ओठ पुसल्यासारखे, जणू मेणाच्या. दुसरीत बहुतेक हिरवा, थोडा लाल. हिरवा थर आपल्या नजरेच्या सर्वांत जवळचा. रंगावरून उजळपणा काढायच्या नेहमीच्या सूत्रात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. बारकाव्यांची पट्टी शून्यावर.

दोन्ही समोर धरल्या. मला वाटलं होतं दुसरी उचलतील आणि माझा धडा पूर्ण होईल. मावशी म्हणाल्या, "ही बरी आहे. पण केस बघ की! थांब, नीट करते, परत काढ."

अ‍ॅप्रन सोडला, केस बांधले, टपरीच्या बाहेर येऊन दोन्ही हात बाजूला सोडून उभ्या राहिल्या. किल्ली नाही, यंत्र नाही, कष्टाचा मागमूस नाही. मला हवं होतं ते सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. फोटो ताठ आला. पहिल्याइतका 'चांगला' नाही. पण त्यात त्या जशा बघतायत, हनुवटी जरा वर, तसं बघणं पहिल्यात नव्हतं.

कुठला ठेवायचा ते ठरत नाहीये. दोन्ही भिंतीवर चिकटवले आहेत.

२७ फेब्रुवारी

फिल्मचा नाद. जुना कॅमेरा काढला, ट्राय-एक्स ४०० ही काळी-पांढरी फिल्म भरली, सहा माणसं, छत्तीस फ्रेम. काय मजा आली! मागे स्क्रीन नाही, त्यामुळे लोक "दाखव" म्हणत नाहीत आणि मी खाली बघत नाही.

संध्याकाळी धुतला. डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंश, पावणेदहा मिनिटं, सगळं घड्याळ लावून. रीळ बाहेर काढलं: पट्टी अथपासून इतिपर्यंत काचेसारखी पारदर्शक. कडेला मात्र फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव सुबक, गडद. म्हणजे रसायन ठणठणीत, फिल्म ठणठणीत, उजेडच पोचला नाही. फिल्मचं टोक गुंडाळीच्या खाचेतून निसटलं होतं आणि मी दिवसभर एकाच जागी झोपलेल्या फिल्मसमोर खटके वाजवत होते. प्रत्येक खटक्यानंतर फिल्म पुढे ओढताना उलट गुंडाळायची मूठ फिरते का, हे बघायचं असतं. शाळकरी चूक. काउंटर छत्तीसच्या पुढे अडतिसावर गेला तेव्हाही मला वाटलं, चला, दोन फुकट मिळाले.

सहा जणांना प्रिंट कबूल केली आहे.

२ मार्च

सहापैकी चौघं सापडले. "फोटो आलेच नाहीत" म्हटल्यावर सगळ्यात मोठ्याने हसलेला मुलगा परत उभा राहिला, बाकीचे तिघंही. हा दुसऱ्यांदाचा फोटो वेगळाच येतो. पहिल्यांदा माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत होते, की ही बाई आज तरी नीट भरून आली आहे ना.

उरलेले दोघं गेले ते गेलेच. एक आजी होत्या, जाड चष्मा, काचेत सबंध रस्ता उमटलेला. तो फोटो माझ्याकडे फक्त डोक्यात आहे.

६ मार्च

दोन मैत्रिणी, एक खूप गोरी, एक खूप सावळी, गळ्यात हात टाकून. "दोघींचा एकत्रच काढ."

इथे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर कामाचा नाही. त्याला समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्यात, म्हणजे १८ टक्के परावर्तनाच्या आसपास आणायचं असतं. काळा कोट दिसला की तो उजळ करतो, पांढरी भिंत दिसली की गडद. मोजलं तर या दोघींच्या गालांत जवळपास दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). गोरीवर मोजलं तर दोघी काळवंडतात. सावळीवर मोजलं तर दुसरीच्या कपाळाचा कागद होतो.

मग तळहाताची युक्ती. बहुतेकांचे तळहात, चेहऱ्याचा रंग कसाही असो, बऱ्यापैकी सारखे असतात, मधल्या करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ. आपला हात त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडात धरायचा, त्यावर मोजायचं, एक स्टॉप उघडायचं, आणि मग मीटरकडे बघायचं नाही. दोघी आपापल्या जागी बसल्या. गोरी गोरी राहिली, सावळी सावळी, आणि दोघींच्या कानातलं कानातलं दिसलं.

एक गोष्ट याआधी डोळ्यांत भरली नव्हती. गोऱ्या चेहऱ्याला आकार सावलीने येतो, सावळ्याला चकाकीने. गालाच्या हाडावरची, कपाळावरची ती रुंद, मऊ झळाळी. तिच्यासाठी उजेडाचा स्रोत मोठा लागतो: उघडं आभाळ, समोरची पांढरी भिंत. लहान आणि कडक उजेड असला की झळाळीचे ठिपके होतात आणि बाकी चेहरा अंधारात जातो. मग आपण म्हणतो, काळ्या-पांढऱ्यात सावळा चेहरा येत नाही. येतो. त्याला भिंतीसमोर उभं करावं लागतं, एवढंच.

१५ मार्च

रिचर्ड अ‍ॅव्हेडन हा अमेरिकन फोटोग्राफर मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढताना कॅमेऱ्याच्या मागे नाही, शेजारी उभा राहायचा. आज करून बघितलं. कॅमेरा तिवईवर, शटर केबलवर, मी लेन्सच्या उजवीकडे हातभर. दोन तास, चार माणसं.

पहिल्या दोघांच्या वेळी मी घाबरून दर क्षणाला वाकून चौकट तपासत होते. तिसरी एक ताई, कुरिअर वाटणारी, घाईत. तिला म्हटलं फक्त एक मिनिट. ती बोलत राहिली, कुठल्या इमारतीत कुठलं कुत्रं अंगावर येतं ते, आणि मी खरंच ऐकत होते. मध्ये एकदा ती थांबली, पुढचं आठवायला. तेव्हा खटका दाबला. नजर लेन्सच्या जरा बाजूला, माझ्यावर. तोंड मिटलेलं पण बोलणं संपलेलं नाही.

चौकट वाकडी आहे, वर जागा जास्त सुटली आहे. कापणार नाही.

२२ मार्च

मोजदाद. विचारलं ७१ जणांना, हो म्हणाले ३४. फिल्मचे दोन गेले, तीन चेहरे माझ्या हाताने हलले. उरले २९. नकार देणाऱ्यांत तरुण पुरुष सर्वांत जास्त निघाले आणि माझी समजूत मोडली. मला वाटलं होतं म्हाताऱ्या बायका असतील. म्हाताऱ्या बायका उलट विचारतात, "एवढ्या उशिरा का आलीस?"

मुलांचे फोटो आईवडील समोर असल्याशिवाय नाही, हा नियम मधेच घातला, आधी घालायला हवा होता. एका आईने हो म्हटलं पण पोराने मान हलवली. नाही काढला. आई ओशाळली, पोरगं खूश.

सगळ्या कॉन्टॅक्ट शीट (एका कागदावर अनेक फ्रेम, लहान-लहान) जमिनीवर पसरल्या. लांबून बघितलं तर जानेवारीतले चेहरे आणि मार्चमधले चेहरे वेगळ्या गावचे वाटतात. जानेवारीतले सगळे काळ्यातून डोकावतात, मार्चमधले उजेडात उभे. जानेवारीतल्या आठही फाईल पुन्हा काढून नव्याने करायला घेतल्या. प्रत्येकीला दोन-दोन तास लागतायत. एकीत मात्र जुनाच गडदपणा ठेवला. ते आजोबा खरोखर सावलीत बसले होते, आणि त्यांनीच सांगितलं होतं, "मला इथेच बरं वाटतं."

२९ मार्च

नव्या प्रिंट वाटत फिरले. जुनी परत मागावी असं वाटत होतं, पण दिलेली वस्तू कशी मागणार? नवी दिली आणि म्हटलं, ही जास्त बरी आली आहे. एकाने दोन्ही शेजारी धरल्या आणि जुनीच आवडली म्हणून सांगितलं. "यात मी हिरो वाटतो." वाटत होताच.

मावशींच्या टपरीत नवा, ताठ उभा असलेला फोटो यंत्राच्या वर लावलाय. पालथ्या प्रिंटचं काय झालं विचारलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "शिडीवाला विचारत होता तुला. म्हणे, माझा फोटो कुठे आहे?"

अडीच महिन्यांपूर्वीचं ते रेखीव नाक. काका या रस्त्यावर मंगळवारी सकाळी असतात म्हणे. तिसावा चेहरा रिकामा आहे. एफ ५.६, कमानीखाली, आणि मूठ फिरते का ते आधी बघायचं.